जाऊन-येऊन

दौलतगंजात गजकवाल्याकडे मी हिशेब लिहिते,
एकवीस वर्षं झाली.
तराजू मला कळतो.
पावशेरात पाच ग्रॅम कमी पडले
तर गिऱ्हाईक भांडत नाही,
पुढच्या थंडीत येत नाही, इतकंच.

मायक्रोग्राम मात्र कळत नव्हता.
शिवहरे मेडिकलच्या पोरानं बाटली फिरवून दाखवली,
सेलेनियम, दोनशे.
ग्रॅमचा हजारावा भाग, त्याचाही हजारावा, असे दोनशे.
"बहनजी, दिखेगा नहीं, पर है।"
देवाबद्दल बोलावं तसं बोलला.

त्या डिसेंबरात तीन स्वेटर घालून
मी वहीवर डोकं टेकून झोपायचे.
सात आणि आठ किती, ते आठवेपर्यंत चहा गार.
रडू यायचं. का, असं कुणी विचारलं
की कारण शोधायला मी आत जायचे
आणि तिथंच बसून राहायचे.
जाऊबाई म्हणाल्या, पाळी जाताना होतं असं.
मालक म्हणाले, किल्ल्यावर जा, हवा खा.
डॉक्टर कुशवाहबाई काहीच म्हणाल्या नाहीत.
माझ्या मागं उभ्या राहिल्या,
दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली,
म्हणाल्या, निगलिए।

मी आवंढा गिळला
आणि अंबूआत्या आठवली.

तिचा एकच फोटो आहे, सराफ्यातल्या स्टुडिओत काढलेला.
इरकली लुगडं, गळ्याला घट्ट बसलेली ठुशी.
बघणारे म्हणत, काय भरघोस आहे हो ठुशी!
ठुशीखाली काय भरत चाललं होतं
ते कुणी पाहिलं नाही.
आधी तिला मंद म्हणाले, मग हट्टी,
मग नुसतं हळू आवाजात बोलू लागले.
भाकरी जळून कोळसा होईतो
ती तव्याकडे बघत राहायची, म्हणे.
एकसष्टच्या पौषात थोरल्या काकांनी तिला टांग्यात बसवलं
आणि आरोग्यशाळेत पोचवून आले.

गोळी पहाटे पाचला, उपाशीपोटी.
चहा तासाभरानं.
तो तास मोठा असतो. त्या तासात मी काकांची खर्चाची वही वाचते,
ती माझ्याकडे आली, दुसऱ्या कुणाला नको होती.
एकाच पानावर आहे:
"मीठ, खडे, दोन शेर.
कंदिलाची काच.
अंबू, टांगा, जाऊन-येऊन, रुपये दोन."

मिठात काय नव्हतं, मला ठाऊक नाही.
तिला माझंच दुखणं होतं, हेही मी कुणाला शपथेवर सांगणार नाही.
गळा फोटोत आहे, रक्त नाही.

मला बरं वाटू लागलं तशी मी हावरी झाले.
पुण्याहून भाच्यानं जस्त पाठवलं, समुद्रशेवाळाची भुकटी पाठवली.
सेलेनियमच्या एकाच्या मी तीन केल्या.
थोड्यानं एवढं, तर जास्तीनं किती!
मग कंगव्यात केसांचे पुंजके,
नखांवर पांढऱ्या रेघा,
आणि संकष्टीच्या दिवशी, घरात लसूण नसताना,
माझ्या तोंडाला लसणाचा वास.
कुशवाहबाईंनी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या.
एक ठेवली, थायरॉइडची. बाकीच्या
माझ्याच हातानं टोपलीत टाकायला लावल्या.

आता बेरजा जुळतात.
होळीला दुकानातल्या पोरांनी मला रंगवलं
तेव्हा मी खूप हसले, आणि हसता हसता वाटलं,
ही हसतेय ती मी, की गोळी?
आणि ती रडायची, ती कोण होती?
तिला मी कुठं पोचवून आले?

आज पहाटे लाल पेन्सिल घेतली
आणि काकांच्या वहीत
'येऊन' या शब्दाखाली रेघ मारली.
आमच्या दुकानात अशी रेघ म्हणजे
मेळ बसत नाही, पुन्हा बघा.

तास व्हायला अजून दहा मिनिटं होती.
आधण तेवढं ठेवलं.